ते रडणं आईचं होतं

नाना, पारोळ्याच्या शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला होता. शाळेचा मोठा समारंभ आहे, आवारातल्या तुमच्या 'मातृमूर्ती'ला नवा रंग दिलाय, मूर्तिकाराची मुलगी म्हणून हार माझ्या हातून घालायचा, असं ते म्हणाले. मी विचारलं, रंग कुठला दिला? "सोनेरी, मॅडम. एकदम झळकतेय." तुम्ही असता तर फोनवरच त्या माणसाचे वाभाडे काढले असते. मी नाही काढले. तुमच्या मूर्तीचा कैवार घ्यायची माझी इच्छा नाही. गेली कित्येक वर्षं मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. आज ते कागदावर उतरवते.

आपल्या घरात दोन जागा होत्या. एक स्वयंपाकघर आणि दुसरी इटली. पांझरा नदीच्या बाजूला पत्र्याची ती शेड, शाडूचे ढीग, प्लास्टरच्या गोण्या, कोपऱ्यात भात्याची पेटी. मुंबईला शिकत असताना तुमच्या सरांनी वर्गात इटलीतल्या एका मूर्तिकाराविषयी सांगितलं होतं. तो दिवसभर संगमरवर फोडायचा आणि संध्याकाळी हात धुऊन पियानोवर बसायचा. त्याच्या मूर्ती चौकाचौकांत आणि त्याच्या चाली चर्चमध्ये. सरांच्या त्या पंधरा-वीस मिनिटांच्या बोलण्यावर तुम्ही उभं आयुष्य काढलंत. तिकडे जायचं राहिलं, मग धुळ्यातच तो माणूस व्हायचं ठरवलंत. इतक्या वेळा इटली इटली ऐकून गल्लीनं शेडचंच नाव इटली पाडलं. कुणी विचारलं, "नाना कथा शेत?", नाना कुठे आहेत, की उत्तर यायचं, "इटलीमा." आईसुद्धा मला सांगायची, जा, इटलीत चहा देऊन ये. तिला त्यात गंमत वाटायची. तेव्हा ती अजून गात होती. धुणं धुताना, बाजरी निवडताना, दाळ घोटताना तिचं काहीतरी चालू असायचं. भडगावकडची, तिच्या आईकडून आलेली गाणी. तुम्ही शेडमधून ओरडायचा, "घरात जरा नीट मराठी बोला रे, खेड्यातल्यासारखं काय ते!" आणि तीच गाणी पेटीवर बोटांनी शोधत बसायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बापाला आईचं गाणं आवडतं, एवढंच कळायचं.

पारोळ्याच्या शाळेचं काम आलं तो उन्हाळा आठवा. संस्थापकांच्या आईच्या स्मरणार्थ मूर्ती हवी होती, पण त्या बाईंचा एकही फोटो नव्हता. तेव्हा तुम्ही म्हणालात, मी आई करतो, कुणाचीही आई. आणि आमच्या दोघींना समोर बसवलंत. लोखंडी स्टुलावर आई, तिच्या गुडघ्याला टेकून मी, माझा हात तिच्या हातात. मी तिसरीतून चौथीत गेले होते. मला फार अभिमान वाटत होता. मैत्रिणींना सांगून आले होते की माझी मूर्ती होणार आहे. हात झाले, लुगड्याच्या निऱ्या झाल्या, मी तर पुरी झाले. आईचा चेहरा मात्र जमेना. तुम्ही रोज तो करायचा आणि रोज अंगठ्यानं मोडायचा. "मेणाचा वाटतोय. यात काहीच घडत नाही," म्हणायचा. वैशाखाचं ऊन, ओली फडकी तासाभरात कडक व्हायची, मातीला भेगा जायच्या. समिती बघायला येणार होती. तुम्ही जेवत नव्हता, कुणाशी धड बोलत नव्हता. हे सगळं मी विसरलेले नाही, नाना. तुमच्या बाजूनं जे सांगता येईल ते मी आधी सांगते आहे.

मग त्या दिवशी सकाळी मामा आला. पायात चप्पल तशीच, दारातूनच म्हणाला, "अक्का, माय जास्त शे. तुनं नाव ली राहिनी. चाल." आजीचं दुखणं जास्त आहे आणि तुझंच नाव घेते आहे, एवढं ऐकलं आणि आई चुलीवरचं दूध तसंच उतरवून लुगडं बदलायला गेली. तिनं पिशवी भरली. मामाला तुम्ही बसवलंत, चहा दिलात, पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "तुम्ही व्हा पुढे. हिला घेऊन मी मागच्या गाडीनं येतोच. पोरीलाही आणायचं ना." मामानं आईकडे बघितलं. आईनं तुमच्याकडे. तुमचा शब्द मोडायची पद्धत आपल्या घरात नव्हती. मामा गेला. आणि तो कोपऱ्यावरून वळला न वळला तोच तुम्ही म्हणालात, "तासभर बस. चेहरा तेवढा राहिलाय. माती आज गेली तर सगळंच गेलं."

ती बसली. मी आज तिला विचारते, का बसलीस गं? पण मला माहीत आहे का ते. मी तिच्या गुडघ्याशी टेकून बसले आहे, तिचा हात माझ्या हातात आहे आणि तो थंड आहे. बाहेर एवढं ऊन आणि हात थंड. ती दाराकडे बघते आहे. दाराच्या पलीकडे रस्ता, रस्त्याच्या टोकाला स्टँडकडे जाणारे टांगे. तुम्ही मातीपाशी उभे आहात, आणि तुमचे हात असे चालले आहेत की मी ते आधी कधी बघितले नव्हते. तासाचे दोन झाले. आई म्हणाली, "माले जाऊ द्या आते. मनी माय वाट देखी राहिनी व्हई." तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "हेच! असंच राहा. मान हलवू नकोस." तिचे डोळे भरून आले. तिनं पदर उचलला तर तुम्ही म्हणालात, "पुसू नकोस." तिची नखं माझ्या तळव्यात रुतली आणि मी कळवळून हात ओढला, तर माझ्यावर खेकसलात, "हलू नकोस गं! तुला बसवलीय कशाला?" तीच एक शिवी नसलेली शिवी मला आयुष्यभर पुरली. दुपार टळेपर्यंत तुम्ही तिला सोडलं नाहीत. मग मागे सरकलात, फडकं हातात घेतलंत, मातीकडे बघत राहिलात, आणि तुमच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला, देवाशपथ सांगते, तुमच्यासाठी बरं वाटलं. आठ वर्षांच्या पोरीला बापाचा आनंद दिसतोच.

भडगावची गाडी पारोळ्यावरूनच जाते. ऊन कलायला लागलं होतं. आई खिडकीशी, तिच्या मांडीवर पिशवी, ती गाडी जोरात जावी म्हणून पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसलेली. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली. तुम्ही वाकून खिडकीबाहेर बोट दाखवलंत आणि म्हणालात, "ते शाळेचं फाटक दिसतं ना? तिथं उभी राहणार आहेस तू." हे वाक्य तुम्ही खरंच बोललात, नाना. नंतर मी तुम्हाला त्याची आठवण करून दिली तेव्हा म्हणालात, मी असं बोलणं शक्य नाही. शक्य होतं. मी मध्ये बसले होते.

आजी दुपारीच गेली होती. वैशाखात प्रेत किती वेळ ठेवणार? आम्ही पोचलो तेव्हा पुरुष गिरणा नदीवरून अंघोळ करून परतत होते. दारात बायका बसल्या होत्या. मामानं तुमच्याकडे पाहिलंच नाही. तो आईला एवढंच म्हणाला, "शेवटलोंग तुनंच नाव व्हतं." आई उंबऱ्याशी बसली आणि तिनं टाहो फोडला. आपल्याकडच्या बायका रडतात ते नुसतं रडणं नसतं, त्यात मेलेल्या माणसाशी बोलणं असतं. "माय वं, मनी माय, माले सोडीसन कथी गयी वं..." असं म्हणत तिचा आवाज वर चढायचा, तिथं फाटायचा आणि पायरी पायरीनं खाली यायचा. सगळी गल्ली रडत होती. मी घाबरून तुम्हाला शोधलं. तुम्ही समोरच्या निंबाखाली उभे होता. डोळ्यांत पाणी होतं तुमच्या, ते मी नाकारत नाही. पण उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. पेटीवर हलतात तशी. आईचा आवाज वर गेला की बोट पुढं, खाली आला की मागं. तुम्ही तिचं रडणं उतरवून घेत होता.

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. लागला तो पुढच्या हिवाळ्यात. जळगावहून रेडिओवर तुमचं गाणं लागणार होतं. सासरी निघालेल्या लेकीचं गाणं, खानदेशी बोलीत, शब्द कुणा मित्राचे आणि चाल तुमची. घरात नीट मराठी बोला म्हणणाऱ्या माणसाची. तुम्ही बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली, शेजारपाजारची माणसं बोलावली, रेडिओ स्टुलावर ठेवला. तेच लोखंडी स्टूल. आई आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती, ठेच्याच्या मिरच्या भाजून झाल्या होत्या, माणसं खोकत होती आणि हसत होती. गाणं सुरू झालं. जळगावच्या कुणा बाईंचा गोड, शिकलेला आवाज. पहिली ओळ वर चढली, एका ठिकाणी थांबली, आणि पायरी पायरीनं खाली आली. मी आईच्या जवळ बसले होते. तिचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी जळायला लागली, धूर निघाला तरी तिला कळलं नाही. बाहेर कुणीतरी म्हणालं, "काय चाल लावी हो नाना! काळीज हाली गयं." तेव्हा ती उठली. पिठाचे हात तसेच. बाहेरच्या खोलीत, एवढ्या माणसांमध्ये, जिथं ती कधी चहासुद्धा स्वतः घेऊन जात नसे, तिथं ती गेली आणि तिनं रेडिओ बंद केला. बटणाला पीठ लागलं. म्हणाली, "ते रडनं मनं व्हतं." आणि आत येऊन जळलेली भाकरी काढून टाकून दुसरी थापायला लागली.

माणसं गेल्यावर तुम्ही तिला काय काय बोललात ते मी इथं सगळं लिहीत नाही. तुम्हाला आठवत असेल. चारचौघांत अपमान केलास, तुला काय कळतं, सूर काय कुणाच्या मालकीचा असतो. तिनं एकच केलं, त्या दिवसापासून ती गायली नाही. धुणं धुताना नाही, निवडताना नाही, माझ्या लग्नात हळदीच्या वेळी बायकांनी हाताला धरून ओढलं तरी नाही. तुमच्यापुढे पुन्हा बसलीही नाही. तुम्ही एकदा हाक मारलीत तर म्हणाली, "मना हात भरेल शेतस." तिचे हात कोरडे होते.

मग मी जळगावला चित्रकला शिक्षकाचा कोर्स करत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या सरांनी सहल काढली ती नेमकी पारोळ्याला. किल्ला बघितला आणि मग तुमची मूर्ती. सर सांगत होते, बघा, हात लेकराच्या हातात आहे पण नजर दूर. ही करुणा आहे, ही अवघ्या जगाची आई आहे. पोरं वहीत रेखाटत होती. मी तिच्या तळपायाशी उभी, समोर सिमेंटमधली मी स्वतः, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, ती नजर एस.टी. स्टँडकडे आहे." सगळे हसले. मी तिथूनच गाडी पकडून धुळ्याला आले. तुम्ही शेडमध्ये होता, खोकत होता. प्लास्टरच्या धुळीनं तोवर छाती धरली होती. मी उभ्या उभ्या सगळं बोलले. मामा, माती, बसची खिडकी, मांडीवरची बोटं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "मला दिसलं. दिसल्यावर मी काय करू? डोळे मिटू?"

"तिला गाडीत बसवायचं," मी म्हणाले.

"आणि चेहरा?"

"चेहरा गेला असता."

तुम्ही हातातली कोरणी खाली ठेवलीत. "तसा चेहरा मला पुन्हा कधी जमला नाही," म्हणालात. एवढंच. मी वाट बघत होते, पुढं काहीतरी येईल म्हणून. नाना, तुमची हळहळसुद्धा कामाचीच होती. मी निघाले तर मागून म्हणालात, "तो इटलीतला असता तर त्याला कुणी हे विचारलं नसतं." खरं आहे. पण तुम्हाला त्या माणसाच्या बायकोचं नाव माहीत होतं का? त्याला कुणी बहीण होती, लेक होती? ती संध्याकाळी पियानो ऐकायची की कान झाकून घ्यायची? मी पुढे चित्रकला शिकवू लागले, पुस्तकं चाळली, लोकांना विचारलं, आणि असा कुणी माणूस होता की सरांनी तुम्हाला रचलेली गोष्ट सांगितली, हेही मला कळलं नाही. आपलं घर मात्र त्याच्या पायी गेलं.

तुमचे शेवटचे दिवस धुळ्याच्या दवाखान्यात गेले. आईनं काही कमी केलं नाही. तोंड धुणं, पाठ पुसणं, चमच्यानं पेज. एका सकाळी तुम्ही तिचा मनगटाशी हात धरलात. धाप लागलेली, शब्द तुटत होते. म्हणालात, "काहीतरी म्हण ना. तुझ्या आईचं एखादं." मी खिडकीशी उभी होते. मला वाटलं, आता म्हणेल. मलाच ऐकायचं होतं, किती वर्षं ऐकलं नव्हतं. तिनं तुमच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला, उशी सारखी केली आणि म्हणाली, "नही." रागानं नाही, औषध संपलंय म्हणावं तसं. हात मात्र सोडवून घेतला नाही. तुम्ही झोपेपर्यंत तशीच बसून राहिली.

आणि तुम्ही गेलात तेव्हा दारात बायका बसल्या. सगळ्या थांबल्या होत्या. आईनं सुरुवात केली की बाकीच्यांनी साथ द्यायची, अशी रीत. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला. तिचं अख्खं अंग हलत होतं, नाना. आवाज नव्हता. एक मावशी म्हणाली, "रड वं बाई, मोकळी व्हय." तिनं मान हलवली. नंतर गल्लीत बोलणं झालं, बाई दगडाची आहे, नवरा गेला तरी टाहो फोडला नाही. मला त्या बायकांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या, पण त्यांना काय सांगणार? तुम्ही तिची आईशी शेवटची भेट हिरावून घेतली, तिचा चेहरा घेतला, तिचं गाणं घेतलं, तेवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. तुम्ही तिचं रडणं घेतलं. तुमच्यासाठी रडायची वेळ आली तेव्हा तिच्यापाशी ते नव्हतं. यात नुकसान तुमचंही झालं, एवढंच माझ्या रागाला समाधान.

पुढे ती माझ्याकडे जळगावला राहिली. एकदा शेंगा फोडताना मी विचारलं, तुला राग नाही येत का गं? म्हणाली, "ऊना ना. आते बी येस." गाण्याचा? चालीचा? तिनं टरफलं सुपात ओतली. "गानं गयं ते जाऊ दे. मनी मायनं तोंड माले देखू दिधं नही त्यासनी." आणि पुढच्याच क्षणाला मला म्हणाली, "तू कसाले एवढी जळी राहिनी? तुले त्यासनी कोरणी धराले शिकाडं." खरं आहे, शिकवलंत. माझ्या हातावर हात ठेवून शिकवलंत, मुलगी म्हणून मागं ठेवलं नाहीत. ते मला नाकारता येत नाही म्हणून तर जास्त राग येतो.

मुख्याध्यापकांना मी उलट फोन केला. म्हटलं, येते, पण चौथऱ्यावर एक फरशी लावा. त्यावर लिहा की ही बाई आपल्या मरणाऱ्या आईकडे जायची परवानगी मागते आहे, आणि तिचं नाव घाला. ते म्हणाले, "मॅडम, तेवढं नको. मुलं लहान असतात." मी म्हटलं, मीही लहानच होते. मी जाणार नाही. हार कुणीतरी आमदार घालतील.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, लिहून झालं की कपाटात जाईल. एक गोष्ट मात्र लिहायची टाळत आले. आई गेल्या साली गेली, माझ्याच घरी, भर दुपारी. डॉक्टर मान हलवून बाहेर पडले. मुलांना फोन करायचे होते, मामाकडे कळवायचं होतं. मी उठले, चप्पल पायात घातली आणि जिना उतरायला लागले. अर्ध्यावर आल्यावर कळलं की मी तुम्हाला सांगायला निघाले होते.